ॲटनबरो आडनावाचा माग: एक मूळपुरुष की अनेक?

‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांचे डेव्हिड या भावांमुळे ॲटनबरो हे नाव जगभर पोहोचलं, पण इंग्लंडात ते दुर्मीळ आहे. आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखंच तेही गावावरून पडलेलं. नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो हे गाव आजही आहे. तिथून बाहेर पडलेल्या किती जणांना हे नाव चिकटलं असेल?

चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या. आडनावं मात्र साधारण ७०० वर्षांपूर्वी रुळली. मधल्या काळासाठी वाय गुणसूत्र कामाला येतं, कारण आडनावासारखंच तेही बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांमधले १,६७८ नमुने तपासले. गुणसूत्रावरच्या १७ ठिकाणी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ येतो, हे त्यांनी मोजलं. ॲटनबरोंपैकी दहातले जवळजवळ नऊ जण एकाच घराण्याचे निघाले. स्मिथांमध्ये असं काही दिसलं नाही. साहजिकच आहे, स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगावी होते.

सतराच्या सतरा आकडे जुळलेच पाहिजेत, असा हट्ट मात्र धरू नये. एका ठिकाणचा आकडा एका पिढीत बदलण्याची शक्यता सुमारे ५०० त एक. १७ ठिकाणं आणि २० पिढ्या धरल्या, तर दूरच्या दोन भाऊबंदांत सरासरी एकदोन आकड्यांचा फरक पडतो.

खरी चूक होते ती पुढे. आज एकच घराणं दिसतं म्हणून मूळपुरुषही एकच, असं म्हणता येत नाही. ज्याला मुलगा नाही त्याची शाखा तिथेच संपते. लोकसंख्या स्थिर धरून, म्हणजे प्रत्येकाला सरासरी एकच मुलगा मानून हिशोब केला, तर २० पिढ्यांत दहातल्या नऊ शाखा निव्वळ योगायोगाने बुडतात. सुरुवातीला पाच ॲटनबरो असतील आणि चौघांचे वंश खुंटले असतील, तरी आजचं चित्र असंच दिसलं असतं. किंग आणि जॉबलिंग यांनीही आजच्या नमुन्यांवरून मूळपुरुषांबद्दल फारसं खात्रीने सांगता येत नाही, असंच म्हटलं आहे. संशोधनातला हा भाग बातम्यांत हरवतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

न जुळणारा दहावा कोण? कुठे दत्तक मुलगा, कुठे आईचं आडनाव लावलेलं मूल, कुठे सासरच्या इस्टेटीसाठी नाव बदललेला जावई. किंवा दुसऱ्या मूळपुरुषाचा वंशजही. हे उलगडायचं तर आधी कागदोपत्री वंशावळ हवी. तिच्यात शक्य तितक्या लांबच्या दोन शाखांमधला एकेक पुरुष निवडायचा. दोघं जुळले, तर त्यांच्या सामाईक पूर्वजाचं गुणसूत्र हाती लागतं. नाही जुळले, तर तिसऱ्या शाखेतला पुरुष तपासायचा, म्हणजे वेगळी वाट कोणत्या शाखेत फुटली ते कळतं.