‘५/३/२४’ म्हणजे नेमकी कुठली तारीख?

दवाखान्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तारखेच्या रकान्यात कुणी ‘५/३/२४’ लिहितं, कुणी ‘०५.०३.२०२४’, कुणी ‘५ मार्च’, तर कुणी सरळ ‘परवा सकाळी साडेदहा’. खिडकीवरच्या माणसाला हे सगळं कळतं. फॉर्म मात्र यातलं एकच रूप घेतो आणि बाकीच्यांना लाल अक्षरांत ‘तारीख चुकीची आहे’ म्हणून सांगतो. तारीख बरोबरच असते, ती वाचणारा प्रोग्रॅम अर्धवट असतो.

पहिलं काम साफसफाईचं. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा आहेत. पायथन (प्रोग्रॅम लिहायची एक भाषा) ‘१५’चा आकडा थेट करून देतो, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला मात्र तो आकडाच वाटत नाही. म्हणून आधी सगळे अंक एका लिपीत आणावेत. मराठी कळफलकावर अनेकजण ‘१०:३०’ऐवजी ‘१०ः३०’ लिहितात. तो विसर्ग असतो, दिसतो अपूर्णविरामासारखा. अंकांच्या मध्ये आलेला विसर्ग बदलून टाकावा. तिसरा घोळ ‘ऑगस्ट’ आणि ‘ऑक्टोबर’चा. त्यातला ‘ऑ’ एका कळीनेही येतो आणि ‘अ’ला चिन्ह जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकासाठी वेगळे; युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धतही त्यांना एक करत नाही. ही जोडी महिन्यांच्या नावांच्या तक्त्यात हातानेच घालावी लागते, ‘जाने.’, ‘फेब्रूवारी’, ‘सप्टें.’ अशा रूपांसोबत.

खरा धोका न वाचता येणाऱ्या तारखेत नसून चुकीची वाचलेली तारीख खपून जाण्यात आहे. दिवस आणि महिना दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असले आणि सारखे नसले, की तारीख दोन्हीकडून वाचता येते. वर्षात असे १३२ दिवस असतात. क्रोम ब्राउझरच्या अंगभूत तारीख-वाचकाला ‘१३/०३/२०२४’ इंग्रजी अंकांत दिली तर तो ती नाकारतो, पण ‘०५/०३/२०२४’ अमेरिकी पद्धतीने ३ मे म्हणून मुकाट घेतो. चाचणी करताना महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा घालून पाहाव्यात त्या यासाठी. भारतातल्या फॉर्मने दिवस आधी हे गृहीत धरावं आणि अंगभूत वाचकावर विसंबू नये.

दोन अंकी वर्षातही असंच होतं. पायथन ६९ ते ९९ मागच्या शतकात टाकतो, ०० ते ६८ या शतकात. १९४५ साली जन्मलेल्या आजोबांनी ‘४५’ लिहिलं की जन्मसाल २०४५! जन्मतारीख भविष्यातली निघाली तर शंभर वजा करावेत.

वेळेसाठी मराठीचा हिशेब नीट शिकवावा लागतो. ‘सव्वा’ म्हणजे पंधरा मिनिटं अधिक, ‘साडे’ म्हणजे तीस अधिक, ‘पावणे’ म्हणजे पंधरा उणे, त्यामुळे पावणेचार म्हणजे ३:४५. दीड आणि अडीच वेगळे नोंदवावेत, कारण साडेएक, साडेदोन कुणी म्हणत नाही. नुसतं ‘साडेपाच’ आलं तर दवाखान्याच्या वेळेवरून संध्याकाळ ठरवता येते. ‘रात्री १२’ मात्र विचारूनच घ्यावं. आजचा दिवस सुरू होताना की संपताना, हे शब्दांत नाही. ‘परवा’ मागेही जातो, पुढेही. अपॉइंटमेंटसाठी तो पुढचाच, पण मोजायचा भारतीय वेळेने. सर्व्हर जागतिक वेळेवर (यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागे) चालत असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याची ‘आज’ कालचीच असते.

याच साडेपाच तासांमुळे जन्मतारखा एक दिवस मागे सरकतात. ब्राउझरने भारतीय मध्यरात्रीची १५ ऑगस्ट तयार केली आणि ती जागतिक वेळेत बदलून पाठवली, की होते १४ ऑगस्ट, १८:३०. वेळ कापली की उरते १४. जन्मतारखेला वेळ नसतेच; ती वर्ष-महिना-दिवस अशीच साठवावी. जावास्क्रिप्टला २०२४, फेब्रुवारी, ३१ असे आकडे दिले तर तो तक्रार न करता २ मार्च देतो. म्हणून तयार तारखेतला दिवस आणि महिना लिहिलेल्याशी पुन्हा ताडून पाहावा.

एवढं करूनही अंदाज तो अंदाजच. रकान्याखाली लगेच ‘मंगळवार, ५ मार्च २०२४, सकाळी १०:३०’ असं पूर्ण लिहून दाखवावं. वार पाहिला की माणसाला चूक चटकन कळते. दोन अर्थ निघत असतील तर ‘५ मार्च’ आणि ‘३ मे’ अशी दोन बटणं द्यावीत. रकान्यातला मूळ मजकूर पुसू नये, म्हणजे एखादा अंकच दुरुस्त करावा लागतो.