हिस्सेवाटणीच्या दाव्यात प्रतिवादी अनेक असतील तर : मुदती आणि कागदपत्रे

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील कास्तकार कुटुंबात जमीन आजोबांच्याच नावावर राहून गेली असेल, तर वाटणीच्या दाव्यात काका, चुलतभाऊ, आत्या, बहिणी असे दहा-बारा प्रतिवादी सहज होतात. वाटणी मागण्याचा हक्क प्रत्येक सहहिस्सेदाराला आहे आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना दाव्यातून वगळण्याची जुनी खोड म्हणूनच अंगाशी येते, कारण आवश्यक पक्षकार नसल्याची हरकत पुढे दाव्याच्या मुळावरच येते. अज्ञान (अल्पवयीन) हिस्सेदारातर्फे पालक नेमून घ्यावा लागतो.

दावापत्रासोबत सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, वंशावळ आणि मृत्यूचे दाखले द्यावेत. विदर्भात १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची (जमिनीवरील हक्कांच्या नोंदीची) नकल जमीन मूळची कोणाची हे दाखवण्यास फार उपयोगी पडते. तिच्यासाठी तहसील कार्यालयात दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज केलेला बरा.

लेखी जबाबाची (दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या उत्तराची) मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांची असून न्यायालय कारणे नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यात ही मर्यादा अगदीच लवचीक नसली तरी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती निर्देशक स्वरूपाची, म्हणजे न चुकता बंधनकारक नसलेली, मानली आहे. पण त्या भरवशावर राहू नये. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ही मुदत दाव्याची नसून ज्याची त्याची असते. गावातल्या काकांना समन्स जूनमध्ये लागले आणि सुरतला कामाला गेलेल्या चुलतभावाला ऑक्टोबरमध्ये, तर दोघांचे दिवस वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे प्रत्येक प्रतिवादीचे नाव, बजावणीची तारीख, जबाबाची तारीख आणि वारसांची स्थिती असा तक्ता वादीने स्वतःकडे ठेवावा व प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्याशी (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीशी) ताडून पाहावा. बहुतेक दाव्यांत सर्वाधिक काळ वाया जातो तो अर्धवट पत्त्यांमुळे, युक्तिवादामुळे नव्हे. समन्स बजावल्याशिवाय परत आल्यास, न्यायालयाकडे तसा अहवाल आल्यापासून सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करावा, अन्यथा त्या प्रतिवादीपुरता दावा काढून टाकला जाऊ शकतो.

समोरच्याकडील कागद व माहिती मिळवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये आहे, पण तालुका पातळीवर ती फारच थोडे लोक वापरतात. न्यायालयाच्या परवानगीने लेखी प्रश्नावली देता येते आणि तिची उत्तरे शपथपत्रावर दहा दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत, द्यावी लागतात. समजा, काकांनी १९९० च्या आपसी वाटणीपत्राचा उल्लेख जबाबात केला, तर तो कागद पाहण्यासाठी नोटीस देता येते; नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत त्यांनी पाहणीची वेळ कळवायची असते. एकाच्या ताब्यातील कागद दुसऱ्याने दाखवावा अशी अपेक्षा करण्यात अर्थ नसल्याने नोटीस ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच नेमकी द्यावी. न्यायालयाने दिलेला आदेश न पाळणाऱ्या प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो आणि वादीनेच तो मोडला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मूळ कागद न्यायालयाने मुद्दे (वादाचे प्रश्न) काढण्यापूर्वी दाखल करावेत. मुद्दे निघाल्यावर साक्षीदारांची यादी १५ दिवसांत द्यावी.

एखादा पक्षकार मरण पावल्यास त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा शमतो, म्हणजे आपोआप संपतो. तो शमल्याचा आदेश रद्द करून घेण्यासाठी आणखी ६० दिवस मिळतात. वाटणीच्या दाव्यात पक्षकार वृद्ध असतात, त्यामुळे हा प्रसंग हमखास येतो. मुदतीचा शेवटचा दिवस उन्हाळी सुटीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. प्रतिवादीचा वकील मृत्यू कळवण्यास कायद्याने बांधील असला, तरी गावातील बातमी वादीला आधी कळते, म्हणून अर्ज त्यानेच लगेच करावा.

वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आत्या-बहिणींनी ध्यानात ठेवावे.