शेअर्ड फोल्डरचं बिल कोणाच्या नावावर?

शेअर केलेल्या फोल्डरची जागा कोणाच्या कोट्यातून, म्हणजे खात्याला ठरवून दिलेल्या जागेतून कापायची, यावर इंटरनेटवर फाइली साठवणाऱ्या क्लाउड सेवांचं अजूनही एकमत नाही. काही सेवा फक्त मालकाच्या नावावर बिल फाडतात, तर एक मोठी सेवा फोल्डरमधल्या प्रत्येकाच्या.

मालकावर बोजा टाकण्याची रीत जुनी आहे. १९८३ साली ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये डिस्क कोटा आला, तोच मुळी या हिशेबाने: फाइल कुठल्याही डिरेक्टरीत ठेवा, जागा मोजायची ती फाइलच्या मालकाच्या खात्यात. त्यावर फारशी कुरकुर झाली नाही.

वादाला तोंड फुटलं ते २००८ मध्ये सुरू झालेल्या ड्रॉपबॉक्समुळे. मोफत खात्याला २ जीबी जागा, आणि शेअर्ड फोल्डरचा पूर्ण आकार प्रत्येक सदस्याच्या कोट्यात. समजा, चुलतभावाने लग्नाच्या फोटोंचा दीड जीबीचा फोल्डर पाठवला आणि तुम्ही तो स्वीकारला. एकही फोटो न चढवता तुमच्याकडे उरला अर्धा जीबी. पुढे कुणी हळदीचे व्हिडिओ त्यात टाकले की तेही गेलं आणि तुमचं सिंक, म्हणजे कॉम्प्युटर आणि सर्व्हरवरच्या फाइली जुळवून ठेवणं, ठप्प. फोल्डरमध्ये दहा जण असतील तर दीड जीबीचे हिशेबात होतात पंधरा. गंमत अशी, की एकसारख्या फाइलची सर्व्हरवर एकच प्रत ठेवण्याचं तंत्र ही सेवा तेव्हा वापरत होती. साठवण एकदा, वसुली दहादा.

ड्रॉपबॉक्सची बाजू मांडणारे म्हणत, की फोल्डर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खा उतरतो, म्हणजे प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असतेच. शिवाय फक्त मालकाकडून जागा कापली, तर पाच मित्र पाच मोफत खाती जोडून १० जीबी फुकटात वापरतील. दुसरा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण मित्राला सेवेत आणलं की जादा जागा, अशी बक्षिसी याच सेवेची होती. २०१२ पासून दर मित्रामागे ५०० एमबी, कमाल १६ जीबी. जागेची चणचण सेवेच्या पथ्यावरच पडत होती. पहिल्या मुद्द्यातली हवा तर २०१७ मध्ये ड्रॉपबॉक्समध्ये स्मार्ट सिंक ही सोय आल्यावर निघाली. फाइल कॉम्प्युटरवर न उतरवता नुसती यादीत दिसू लागली. तरी वैयक्तिक खात्यांचा नियम जागचा हलला नाही. सवलत मिळाली ती पैसे भरणाऱ्या टीमला: तिच्या आत फोल्डर एकदाच मोजतात.

एप्रिल २०१२ मध्ये ५ जीबी घेऊन आलेल्या गूगल ड्राइव्हने मालकाचा नियम उचलला. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि ॲपलचं आयक्लाउडही त्याच वाटेने गेले. गूगल ड्राइव्हमध्ये मात्र गुंता वेगळा झाला, कारण तिथे फोल्डरचा मालक आणि त्यातल्या फाइलचा मालक एकच असेल असं नाही. मंडळाच्या खजिनदाराने विसर्जनाच्या व्हिडिओंसाठी फोल्डर उघडला आणि पोरांनी त्यात व्हिडिओ चढवले, तर जागा जाते पोरांची; खजिनदाराचा कोटा जसाच्या तसा. त्याने व्हिडिओ फोल्डरबाहेर काढले तरी ते चढवणाऱ्याच्याच खात्यावर राहतात, आणि पूर्वी अशा फाइली कुठल्याच फोल्डरमध्ये न दिसता जागा खात बसत. २०१३ मध्ये मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी असा एकच साठा झाल्यावर हे जास्तच जाचू लागलं: दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये व्हिडिओ टाकून कोटा भरला, की स्वतःची मेल येणं बंद.

२०२० च्या ऑक्टोबरपासून ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होऊ लागली. तोवर टाकून दिलेल्या फाइलीही वर्षानुवर्षं मोजल्या जात होत्या. १ जून २०२१ पासून गूगलचे नवे डॉक्स, शीट्स आणि आकार कमी करून चढवलेले नवे फोटोही कोट्यात धरले जाऊ लागले. संस्थांसाठी २०१७ मध्येच टीम ड्राइव्ह आले होते, ज्यात फाइलची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते. मात्र शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा जुलै २०२२ पासून गेली आणि सगळ्या संस्थेला मिळून १०० टीबीचा साठा आला. त्या साठ्यात टीम ड्राइव्हमधल्या फाइलीही धरल्या गेल्या.

वैयक्तिक खात्यात आज फाइलची मालकी दुसऱ्याला देता येते, पण समोरच्याने ती स्वीकारेपर्यंत जागा जुन्याच मालकाची भरलेली राहते.