संमती व मर्यादांचे शालेय शिक्षण (खानदेश)

आपले अंग, आपल्या वस्तू आणि आपली जागा यांवर आपला हक्क असतो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत आधी विचारावे लागते, हे मुलांच्या अंगवळणी पाडणारे शिक्षण. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत पहिली अडचण भाषेची असते. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला ‘संमती’ हा शब्द परका वाटतो. अहिराणीतले ‘इचारीसन’ (विचारून) आणि ‘माले नको’ (मला नको) अहिराणी बोलणाऱ्याला लगेच कळते. अवयवांची नावेही आडपडदा न ठेवता सांगावीत.

प्राथमिक वर्गांत दहा पावलांचा खेळ उपयोगी पडतो. दोन मुले समोरासमोर उभी राहतात. एक हळूहळू पुढे येते, दुसऱ्याला अवघडल्यासारखे झाले की ते तळहात उभा धरते आणि येणारे तिथल्या तिथे थांबते. त्या जागी खडूने रेघ मारायची, मग जोडी बदलायची. त्याच मुलाची रेघ मित्रासमोर जवळ आणि अनोळखी मुलासमोर लांब पडते; शिकवायचे ते हेच. हात दाखवल्यावरही कोणी हसत एक पाऊल जास्त टाकले आणि गुरुजीही हसले, तर ‘नको’ला किंमत नसते एवढेच मुले शिकतात. खेळायला नकार देणाऱ्यावर जबरदस्ती करणे तर विषयाचीच थट्टा.

पुढचा सराव कंपासपेटी मागण्याचा. उत्तरे तीन : ‘हो’, ‘आत्ता नको’ आणि गप्प बसणे. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे पुन्हा पुन्हा घोटावे लागते.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावर भागत नाही. त्रास देणारा बहुधा ओळखीचा असतो आणि त्याचा स्पर्श सुरुवातीला लाडाचाच वाटू शकतो. म्हणून ‘कोणाला सांगू नको’ असे कोणी बजावले की सांगायचेच, ही खूण जास्त कामाची. आश्रमशाळेत अंघोळीची रांग आणि झोपायची जागा यांवर वेगळे बोलावे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जमलेल्या पाहुण्यांना पापा देण्याची सक्ती नको, हात जोडले तरी पुरे, हे पालकसभेत सांगावे.

मोठ्या वर्गांना कायदा सांगणे भाग आहे. 2012च्या पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. ‘दोघांची मर्जी होती’ हा बचाव तिथे चालत नाही. अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे, म्हणून ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. खोदून विचारू नये. मूल बोलेल ते त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे. मुलांसाठी मदतीचा क्रमांक 1098.