बालपचनविकारतज्ज्ञ

बालपचनविकारतज्ज्ञ : अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, पित्तनलिका व स्वादुपिंड यांचे मुलांमधील विकार ओळखून त्यांवर उपचार करणारा डॉक्टर. दवाखान्याच्या पाटीवर ‘पीडियाट्रिक गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट’ असे लांबलचक नाव असते. कोल्हापुरात ‘पोरांच्या पोटाचा डॉक्टर’ एवढे म्हटले तरी भागते.

इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एमडीची ३ आणि त्यावर डीएम या अतिविशेष पदवीची आणखी ३ वर्षे, असे हे शिक्षण आहे. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेला काळ वेगळा. लखनौची संजय गांधी संस्था व चंदीगडची पीजीआय ही या शिक्षणाची नावाजलेली केंद्रे. एवढे शिकलेले डॉक्टर थोडेच असल्याने जिल्ह्यातली बहुतेक पोटदुखी आधी गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञाकडे किंवा ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाते. त्यात वावगे काही नाही, कारण बहुतेक पोटदुखी तिथेच बरी होते. पुढे येतात ती रक्ताची उलटी, न हटणारी कावीळ, न वाढणारे वजन आणि गिळलेली बटणसेल. बटणसेल अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतले अस्तर जळू लागते; तिथे केळी चारून वाट बघत बसणे महागात पडते.

कोल्हापुरात या डॉक्टरला सगळ्यात जास्त बोलावे लागते ते दुधाविषयी. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळता ग्लास हातात देणाऱ्या गावात ‘पोराचं दूध कमी करा’ हा सल्ला आजीला शिवीसारखा लागतो. (लहान मुलांना न तापवलेले दूध देऊ नये, हेही इथे सांगावेच लागते.) पण दिवसभर दुधावर असलेले दोन वर्षांचे मूल भाकरी-भाजीला तोंड लावत नाही, रक्त कमी होते आणि शीचा खडा होतो. एकदा दुखले की ते पाय आवळून शी धरून ठेवते. मलाशय ताणले जाते, शी आल्याची जाणीव बोथट होते आणि साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ मळ चड्डीत झिरपू लागतो. घरचे त्याला जुलाब समजून जुलाबाचेच औषध देतात. खरा उपाय म्हणजे आधी साठलेले काढणे आणि मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे शी मऊ ठेवणारे औषध काही महिने चालू ठेवणे. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून औषध बंद करणे ही नेहमीची चूक.

या शाखेतले महाराष्ट्राला सर्वांत जवळचे संशोधनही दुधाशीच जोडलेले आहे. ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ या रोगात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचे पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातली दोन-तीन भावंडे जात, म्हणून दोष रक्ताला, कुळाला दिला जाई. यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे प्रमाण भलतेच आढळले, तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील भावे व पंडित आणि ब्रिटनमधील टॅनर यांनी घरोघरच्या आयांना एक साधा प्रश्न विचारला: बाळाचे दूध कशात तापवता? बाटलीने किंवा वाटी-चमच्याने वरचे दूध लवकर सुरू झालेले आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, असे चित्र पुढे आले. १९८३ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच भांड्यातले पाणी फारसे तांबे ओढत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन मात्र ते धरून ठेवते. कल्हई झिजलेली असली की तांबे थेट दुधात उतरते. अंगावर पिणारी मुले यातून वाचत. शरीरातले तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर सुरू केल्यास काही मुले जगली, पण रोग ओसरला तो मुख्यतः भांडी बदलल्याने. स्टीलच्या पातेल्याने एवढी मुले वाचवली, याची नोंद स्टीलवाल्यांच्याही गावी नसेल. आज मुलाच्या यकृतात तांबे साठलेले दिसले की आधी विल्सन रोगाचा विचार होतो. तो मात्र खरोखरच आनुवंशिक आहे.

जुलाबावरचा मोठा शोधही असाच साधा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. ग्लुकोज आतड्यात शिरताना सोडियमला आणि त्यापाठोपाठ पाण्याला आत ओढून नेते, हे त्यामागचे शास्त्र. म्हणूनच या मिश्रणाचे, म्हणजे ओआरएसचे, मोठे पाकीट अख्खे १ लिटर पाण्यात घालायचे. अंदाजे अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळले तर द्रावण जास्त तीव्र होऊन जुलाब वाढू शकतात. जोडीला १४ दिवस झिंक. ‘दात येताहेत म्हणून पातळ होतंय’ हे समाधान पंचगंगेच्या पुरानंतर तरी कुणी मानू नये. पाणी बिघडले की काय होते, ते २०१२ च्या काविळीच्या साथीत इचलकरंजीने पाहिले आहे.

नवजात बाळाच्या काविळीत मात्र घाई करावी लागते. बहुतेकांची कावीळ दोन आठवड्यांत जाते. त्यापुढे राहिली आणि शी पांढुरकी, भिजवलेल्या शाडूसारखी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी लागते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यकृताला थेट आतडे जोडण्याची शस्त्रक्रिया शोधली; ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर झाला की यकृत प्रत्यारोपण आणि त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ या सल्ल्यात हेच दिवस निघून जातात. तैवानमध्ये आईच्या हाती शीच्या रंगांचे कार्ड देतात. ते हाताशी नसेल तर बाळाला दाखवायला आणताना दुपटे न धुता सोबत आणावे, किंवा दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ट्यूबलाइटखाली पिवळा रंग नीट कळत नाही.