विमानाचं अंतर वेगळं, वेळ वेगळा

परभणीहून मुंबई किती लांब, असं विचारलं तर आपल्याकडं कुणी किलोमीटर सांगत नाही. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, झालं. रेल्वेला हे चालून जातं. विमानाला मात्र एकावरून दुसरं काढायला गेलं की हिशोब फसतो.

मावशी लेकाकडं सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. तिकिटावर लिहिलेलं: दिल्लीहून पहाटे 4 ला सुटणार, त्याच दिवशी सकाळी 7.30 ला पोचणार. मावशी म्हणाली, "साडेतीनच तास? मंग एवढं महाग कशापायी?"

तिकिटावरची सुटायची वेळ दिल्लीच्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे साडेतीनात साडेबारा मिळवा, 16 तास झाले. परत येताना उलटी गंमत. सोमवारी सकाळी 10.30 ला निघून तेवढेच 16 तास उडालं, तर मंगळवारी दुपारी 3 ला दिल्ली. कागदावर साडेअठ्ठावीस तास! त्यामुळं दोन वेळांची वजाबाकी करत बसू नका, तिकिटावर एकूण कालावधी वेगळा छापलेला असतो तो बघा.

आता अंतर. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण 12,400 किलोमीटर भरतं. विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर 1,400 किलोमीटरच्या आसपास वाढलं, सगळं मिळून 15,300 वर गेलं, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला! कारण वारा. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. अटलांटिकच्या वाटेनं ते तोंडावर यायचे, पॅसिफिकच्या वाटेनं पाठीशी आले. गोदावरीत पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जवळच्या पल्ल्यात वाऱ्याचं फारसं चालत नाही, तिथं वेळ जमिनीवर आणि उतरायची वाट बघण्यात जातो. चिकलठाणा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ, ते मुंबई सरळ रेषेत 280 किलोमीटर. ताशी 800 नं एकवीस मिनिटं व्हायला हवीत, पण तिकीट तासाभराचं. कारण तो वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. नंबर लागेपर्यंत विमान वर घिरट्या घालतं.

मावशीनं साडेतीन तासांच्या हिशोबानं चार धपाटे बांधले होते. सोळा तास ऐकल्यावर तिनं पुन्हा तवा चढवला.