दमट हवेत वाळणारं रोगण

पावसाळ्यात दाराला ऑइलपेंट लावायची घाई ज्यांनी केली असेल त्यांना माहीत आहे: चार दिवस झाले तरी बोट चिकटतं. मिंग आणि चिंग या राजघराण्यांच्या काळातल्या चिनी रोगणकारांची गोष्ट उलटी होती. त्यांचं रोगण कोरड्या हवेत धड वाळतच नसे. त्यासाठी मुद्दाम उबदार, दमट खोली राखावी लागे.

हे रोगण म्हणजे एका झाडाचा चीक. झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे बिब्बा उततो तसं हेही अंगावर उततं. चिकातल्या उरुशिओल या द्रव्याचा तो प्रताप. सोबत लॅकेज नावाचं विकर असतं. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ते उरुशिओलचे रेणू एकमेकांत गुंफतं, पण ओलावा असेल तरच; ७०-८० टक्के आर्द्रता त्याला मानवते. एकदा ही वीण घट्ट बसली की गरम पाणी, दारू, आम्ल काही तिला फारसं बाधत नाही. आपल्याकडे या कामाला सरसकट 'लाखकाम' म्हणतात, ते मला खटकतं. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यापासून येते आणि उष्णतेने वितळते. हे रोगण वितळत नाही.

कोरीव लाल रोगणात नक्षी लाकडात नसतेच. लाकूड फक्त गाभा. त्यावर हिंगूळ (लाल रंगाचं खनिज) मिसळलेल्या रोगणाचे अगदी पातळ थर द्यायचे, कारण जाड थराला वर साय धरते आणि आत ओलंच राहतं. एक थर जमला की दुसरा. असे कधी शंभरावर थर चढत, त्यात महिनेच्या महिने जात, आणि हाती येई जेमतेम काही मिलिमीटर जाडी. त्या जाडीत ढग, लाटा, कमळं कोरायची. काही वेळा थरांच्या पोटात एक काळा थर घालून ठेवत. पात्याखाली काळं दिसलं की कारागिराला खोलीचा अंदाज येई.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शुआन्द सम्राटाच्या काळातलं (१४२६ ते १४३५) असं एक लाल मेज आहे, खण असलेलं, ड्रॅगन आणि फिनिक्स कोरलेलं. पाच नखांचा ड्रॅगन हे सम्राटाचं चिन्ह. पुढे कुणीतरी या ड्रॅगनांच्या पंजांचं पाचवं नख तासून टाकलं.